बुटांच्या दुकानातून आकाशाकडे

अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक गावी ऑर्व्हिल कार्लाइल यांचे बुटांचे दुकान होते. शोभेच्या दारूकामाचे ते जाणकार. बंधू रॉबर्ट यांच्या व्याख्यानांसाठी त्यांनी १९५४ मध्ये कागदी नळीचे छोटे रॉकेट सिद्ध केले. १९५७ मध्ये स्पुटनिक झेपावला आणि मुले धातूच्या नळ्यांत स्वतःच दारू ठासू लागली; कित्येक जखमी झाली. कार्लाइल यांच्या रचनेने त्यांना सुरक्षित वाट दाखविली : मोटर तयार घ्यावी, दारूला हात लावू नये.

आज मध्यम शक्तीच्या रॉकेटांत ई, एफ, जी वर्गाच्या मोटरी वापरतात. प्रत्येक अक्षरागणिक आवेगाची कमाल मर्यादा दुप्पट होते. जी वर्गात ती १६० न्यूटन-सेकंद असते. म्हणून पंख प्लायवुडचे असतात आणि ते इपॉक्सीने पक्के चिकटवितात. किमान ९ मीटर दूर राहून विजेच्या कळीने मोटर पेटवितात. ती विझल्यावर काही क्षणांनी छोटा स्फोट हवाई छत्री बाहेर ढकलतो आणि रॉकेट अलगद उतरते.

वारा ताशी ३२ किलोमीटरपेक्षा अधिक असल्यास उड्डाण रद्द होते. महिनाभर खपून बांधलेले रॉकेट तसेच घरी परत नेणे, हा संयमही मुले या छंदातच शिकतात.