बुटात पाणी ओतणारे सैनिक

अमेरिकी यादवी युद्धात गोळी लागून मज्जातंतू दुखावलेल्या सैनिकांवर डॉ. सायलस वेअर मिचेल फिलाडेल्फियात उपचार करत. जखम भरलेली, तरी हातापायांची आग आग होई. वर्तमानपत्राची सळसळही सोसवत नसे. काही जण चक्क बुटात पाणी ओतून चालत. १८६४ मध्ये मिचेल आणि सहकाऱ्यांनी अशा दुखापतींवर पुस्तकच काढले.

तुटलेला तंतू वाढतो दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत पोचायला सहा महिने सहज, तेही वाट चुकला नाही तर! मज्जातंतूंची ही वेदना नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांना फारशी दाद देत नाही. म्हणून नैराश्यावरची अ‍ॅमिट्रिप्टिलिन किंवा फिट्सवरची गॅबापेंटिन दिली जाते. चिठ्ठीत ही नावे पाहून गोळ्या परस्पर बंद करू नका.