'मुलगेही आवडतात ना? मग झालं तर!'

आषाढातली गोष्ट. लोणावळ्यात पाऊस लागला की चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत. अशाच एका शनिवारी भाची पुण्याहून लोकलने आली. भिजलेली ओढणी खुर्चीवर टाकली, चहा घेतला आणि म्हणाली, "मावशी, आईने स्थळ आणलंय. तू सांग ना तिला, मी पॅनसेक्शुअल आहे म्हणून."

तीस वर्षं मी मावळातल्या शाळेत विज्ञान शिकवलं, पण हा शब्द काही पुस्तकात नव्हता! "ते उभयलिंगी म्हणतात, तेच का गं?" मी चाचरत विचारलं. तिला हसूच फुटलं. "मावशी, उभयलिंगी तुझं गांडूळ!"

खरंच की. गांडुळाच्या शरीरात नर-मादी दोन्ही इंद्रियं असतात म्हणून ते उभयलिंगी, असं फळ्यावर मीच लिहीत आले. मराठीत बायसेक्शुअल माणसालाही तोच शब्द वापरतात आणि तिथेच घोटाळा होतो. गांडुळाचा प्रश्न शरीराचा, माणसाचा मात्र मन कुणाकडे ओढ घेतं याचा.

मग भाचीने माझीच शिकवणी घेतली. बायसेक्शुअल म्हणजे एकाहून अधिक लिंगांच्या व्यक्तींबद्दल ओढ वाटणारी व्यक्ती. 'बाय' म्हणजे दोन, म्हणून आपण 'फक्त बाई आणि पुरुष' असं धरून चालतो. पण अमेरिकेतल्या बायसेक्शुअल कार्यकर्त्यांनी १९९० सालच्या जाहीरनाम्यातच बजावलं होतं, की आमचा शब्द दोनापुरता समजू नका. ओढ सगळीकडे सारखीच असायला हवी असंही नाही. 'पॅन' हा ग्रीक शब्द, अर्थ 'सर्व'. समोरची व्यक्ती बाई, पुरुष की या दोन्हींत न बसणारी, याने ओढ वाटण्यात फरक पडत नाही, असं पॅनसेक्शुअल माणसं सांगतात.

"मग फरक काय उरला?"

"कधीकधी काहीच नाही. माझ्या मैत्रिणीचं अगदी माझ्यासारखंच आहे, पण ती स्वतःला बाय म्हणते. तिला तो शब्द आपला वाटतो, मला हा. काही जण दोन्ही वापरतात."

रात्री ताईला फोन लावला. सगळं ऐकून ती म्हणाली, "मुलगेही आवडतात ना तिला? मग झालं तर! लग्न लावून देऊ, बाकीचं आपोआप जाईल."

खोटं कशाला सांगू, दुपारी माझ्याही मनात हेच आलं होतं. भाचीने फोन हातात घेतला. "आई, मला उद्या मुलगा आवडलाही, तरी मी जी आहे तीच राहणार. आणि त्याला काही न सांगता मांडवात उभी राहू? त्याने काय पाप केलंय?"

ताईचं पुढचं वाक्य ठरलेलं, "डॉक्टरला दाखवू." या वेळी मी बोलले. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० मध्येच काढली. असं मन 'बदलण्याचे' उपचार करणं हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कळवलंय. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर परस्परसंमतीने असलेले असे संबंध गुन्हाही नाहीत. मात्र समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये नकार दिला. म्हणजे कायद्याने लग्नाची वाट एकाच बाजूला उघडी. अशा मुलींना त्याच वाटेवर ढकलायचा मोह आयांना होतो, तो म्हणूनच.

ताई बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाली, "त्या लोकांना काय कळवू?"

"सध्या मुलगी तयार नाही, एवढंच कळव."

तिने तसं कळवलं. तिला सगळं पटलंय असं मुळीच नाही. 'पॅन' म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर अजून पॅनकार्डच येतं! पण परवा तिने स्वतःहून विचारलं, "काय गं तो तिचा शब्द? नीट सांग, मी लिहून घेते."

मैत्रिणींनो, आपल्या ओळखीचं लेबल मुलीला चिकटवण्याआधी तिचा शब्द कोणता, एवढं विचारायला काय हरकत आहे?