आधी निवारा, मग औषध

माणिकपूरहून वसई रोड स्थानकाकडे जाताना फलाटाच्या कडेला गोणपाटावर झोपलेली माणसं दिसतात. त्यांच्यातल्या कुणाला क्षय झाला, तर गोळ्या साधारण 6 महिने नेमाने घ्याव्या लागतात. पण उशीच नसलेल्याने त्या ठेवायच्या कुठे? एका पावसात पाकीट भिजतं, उपचार तुटतात, जंतू औषधाला दाद देईनासे होतात. बेघरांसाठी फिनलंडने 2008 पासून आधी घर, मग उपचार हा मार्ग धरला. आपल्याकडे डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांना कर्जतला आसरा आणि औषध देते, बरे झाल्यावर घरी पोचवते. या कामासाठी त्यांना 2018 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शहरात लाख वस्तीमागे एक निवारा हवा, असा दंडक आहे. 2011 च्या जनगणनेत वसई-विरार 12 लाखांवर होतं. म्हणजे किमान 12 निवारे हवेत. ते मागणं आपलंही काम आहे.