विमानतळावरील झडती आणि आपला स्वाभिमान

विमानप्रवास ही आतां कांहीं थोड्या धनिकांची मिरास राहिलेली नाहीं. पुण्यांतील मध्यमवर्गीय घरांतला मुलगा शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं परदेशीं जातो, मुलीचा संसार समुद्रापलीकडे थाटला जातो, आणि एरव्हीं पंढरपूर-काशीपलीकडे न गेलेल्या आजीबाई नातवंडाचें तोंड पाहण्यासाठीं लोहगांवचा रस्ता धरतात. ह्या प्रवासांत इतर कशाहूनही अधिक चर्चा होते ती झडतीची. पायांतले जोडे काढावे लागले, कमरेचा पट्टा सोडावा लागला, पिशवी उपसून दाखवावी लागली, ही हकीकत घरीं परतल्यावर चवीनें सांगितली जाते; आणि ती सांगतांना बहुधा दोन तक्रारी एकापाठोपाठ एक निघतात. पहिली अशी, कीं परदेशच्या विमानतळावर आमचा रंग व आमचें नांव पाहून आम्हांस निराळें काढलें. दुसरी अशी, कीं आपल्या देशांत मात्र आमच्यासारख्या सरळ माणसांची झडती घेण्यांत वेळ दवडतात; ज्यांची घ्यावयाची त्यांची घ्यावी!

ह्या दोन तक्रारी एकमेकींच्या सख्ख्या वैरिणी आहेत, हें बोलणाराच्या ध्यानांत येत नाहीं. पहिली खरी मानली तर दुसरी करण्याचा अधिकार आपणांस उरत नाहीं. झडती अवश्य आहे, याविषयीं आमच्या मनांत संशय नाहीं. पण ती कोणाची, कोणत्या कारणावरून व कोणत्या रीतीनें घ्यावी, याचा विचार प्रत्येक सुशिक्षित कुटुंबानें एकदां शांतपणें केला पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

झडती कां आली

विमानतळावरील बंदोबस्ताचा प्रत्येक नियम कोणत्या ना कोणत्या अनर्थानंतर जन्मास आला आहे. ३० जानेवारी १९७१ रोजीं श्रीनगरहून जम्मूस निघालेलें ‘गंगा’ नांवाचें विमान दोन तरुणांनीं लाहोरास पळवून नेलें. त्यांचें पिस्तूल खोटें होतें आणि हातबाँब लांकडी होता. परंतु आकाशांत असतां तें पारखून पाहणार कोण? उतारू सुटले, पण २ फेब्रुवारीस विमानाची राख झाली.

२३ जून १९८५ रोजीं एअर इंडियाचें ‘कनिष्क’ विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रावर फुटलें आणि ३२९ माणसें प्राणांस मुकलीं. ज्या पेटींत बाँब होता ती पेटी व्हँकूव्हर येथें सामानांत दिली गेली व पुढें कनिष्कांत जाऊन पोहोंचली. पेटी देणारा इसम मात्र विमानांत चढलाच नाहीं. मालक ज्या विमानांत नाहीं त्या विमानांतून त्याचें सामान जाऊं द्यावयाचें नाहीं, हा कटाक्ष ह्या भयंकर अनुभवांतून आला. आणि १ एप्रिल १९८७ पासून आपल्या देशांत नागरी विमानांच्या सुरक्षिततेसाठीं स्वतंत्र खातें अस्तित्वांत आलें. मालकाविना पडलेली पिशवी काय करूं शकते, हें पुण्यासही पुढें कळावयाचें होतें. १३ फेब्रुवारी १९१० नव्हे, तर आपल्या डोळ्यांदेखत, १३ फेब्रुवारी २०१० रोजीं कोरेगांव पार्कांतील जर्मन बेकरींत अशाच एका पिशवीनें १७ जणांचा बळी घेतला.

२४ डिसेंबर १९९९ रोजीं काठमांडूहून दिल्लीस निघालेलें विमान पळवून कंदाहारास नेण्यांत आलें. एका उतारूची हत्या झाली, आणि तीन कैदी सोडून देऊन ३१ डिसेंबरला बाकीच्यांची सुटका करावी लागली. त्यानंतर, फेब्रुवारी २००० मध्यें जयपूरपासून आरंभ करून, विमानतळांची राखण केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे देण्यांत आली. लोहगांवची धांवपट्टी हवाई दलाची असली, तरी तेथें आपली पिशवी क्ष-किरणांखालीं घालणारे जवान ह्याच दलाचे आहेत.

चेहऱ्यावरचा संशय

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. सर्वांची सारखी झडती घेण्यापेक्षां ज्यांच्यावर संशय येतो तेवढ्यांचीच कसून घ्यावी, असें पुष्कळांस वाटतें. वरवर पाहतां हें व्यवहाराचें वाटतें. पण संशय कशावरून घ्यावयाचा? माणसाच्या वर्तनावरून घेतलेला संशय ही एक गोष्ट आहे. त्याच्या नांवावरून, वर्णावरून, दाढीवरून किंवा पोशाखावरून घेतलेला संशय ही अगदीं निराळी गोष्ट आहे. तिकीट कोणीं काढलें, सामान कोणीं भरलें, उत्तरें एकमेकांशीं जुळतात कीं नाहीं, हें पाहणें म्हणजे चौकशी होय. नांव ऐकतांच माणसाचा धर्म ओळखून त्यास बाजूस काढणें म्हणजे चौकशी न करतां दिलेला निकाल होय.

आणि हा निकाल केवळ अन्यायाचा नव्हे, तर धोक्याचाही आहे. ३० मे १९७२ रोजीं इस्राएलमधील लोद विमानतळावर रोमहून आलेले तीन उतारू उतरले. पहारेकऱ्यांस भय होतें तें अरबांचें; हे तिघे होते जपानी. त्यांनीं वाद्यांच्या पेट्यांतून बंदुका काढल्या आणि २६ जणांस ठार केलें. १७ एप्रिल १९८६ रोजीं लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एक गरोदर आयरिश तरुणी इस्राएलच्या विमानांत बसावयास निघाली होती. तिच्या चेहऱ्यांत संशय यावा असें कांहींच नव्हतें. विमानतळाच्या नेहमींच्या तपासणींतून तिची पिशवी पारही पडली होती. पण विमान कंपनीच्या लोकांनीं तिला साधेच प्रश्न विचारले, उत्तरांवरून पिशवी पुन्हां पाहिली, आणि तळाशीं दडविलेला बाँब सांपडला. तो तिच्या वाग्दत्त वरानें तिच्या नकळत ठेवला होता! त्याच वर्षीं ५ सप्टेंबरला कराची येथें मुंबईहून आलेल्या अमेरिकन विमानावर सशस्त्र टोळी चढली, ती विमानतळाच्या पहारेकऱ्यांचा वेष घालून. आणि नीरजा भनोत ह्या तरुणीनें उतारूंना वांचवितांना आपले प्राण दिले. एकीकडे निष्पाप चेहरा, दुसरीकडे विश्वासाचा गणवेष. चेहरा व वेष पाहून दार उघडणारानें ह्या तिन्ही वेळीं शत्रूलाच आंत घेतलें असतें.

थोडें गणित करून पाहावें. समजा, संशय घेणारा शिपाई इतका कुशल आहे, कीं दर हजार निर्दोष उतारूंत तो केवळ दहांवरच चुकीचा संशय घेतो. एक लाख उतारूंमागें अशा निरपराध संशयितांची संख्या एक हजार होते; आणि त्या लाखांत खरा अपराधी बहुधा एकही नसतो. हे हजार जण सर्व समाजांतून आले, तर प्रत्येकाच्या वांट्यास थोडी गैरसोय येते व ती विसरली जाते. तेच एका समाजांतून वेंचले, तर तीच माणसें पुन्हां पुन्हां अपमानित होतात. अपमानाची ही शिदोरी मुलांच्या मनांत वाढत जाते, आणि ज्यांच्या साह्याची पोलिसांस सर्वांत अधिक गरज, तेच लोक पोलिसांपासून दूर जातात.

परदेशांत आपण स्वतः ह्याच तराजूंत तोलले जातों, हें विसरूं नये. अमेरिकेस जाणाऱ्या उतारूच्या बोर्डिंग पासावर कधीं कधीं इंग्रजी ‘एस’ हें अक्षर चार वेळां छापलेलें असतें. त्याची झडती अधिक बारकाईनें होते, आणि कारण त्यास सांगितलें जात नाहीं. सन २००४ मध्यें त्या देशाचे सिनेटर एडवर्ड केनेडी यांनाच, यादींतील एका नांवाशीं साम्य निघाल्यामुळें, वारंवार अडविण्यांत आलें होतें. डिसेंबर २०१० मध्यें मिसिसिपी राज्यांतील जॅक्सन विमानतळावर आपल्या राजदूत श्रीमती मीरा शंकर यांना बाजूस घेऊन त्यांचें अंग चांचपण्यांत आलें. साडी नेसल्याचेंच तें निमित्त झालें, असें तेव्हां सांगण्यांत आलें. त्या बातमीनें आपल्या घरांघरांतून संताप झाला, आणि तो योग्यच होता. जी वस्तु आपल्या घरीं कुलीनतेची खूण, ती परक्या मुलखांत संशयाची खूण ठरली. मग आपल्या शेजारच्या भगिनीचा बुरखा किंवा शेजाऱ्याची दाढी आपल्या मुलखांत संशयाची खूण कां ठरावी? आपल्या मुलाला शिकागोच्या विमानतळावर जो न्याय मिळावा असें वाटतें, तोच पुण्याच्या मोमिनपुऱ्यांतील मुलाला लोहगांवास मिळाला पाहिजे.

रीतीचा प्रश्न

झडती कोणाची, याइतकाच ती कशी, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आणि तो पुण्याइतका दुसऱ्या कोणत्याही शहरास ठाऊक नाहीं. १८९७ च्या फेब्रुवारींत सांथीच्या रोगांचा कायदा झाला. आगगाडीच्या उतारूंची तपासणी करण्याचा अधिकार त्या कायद्यानेंच सरकारास दिला. प्लेगच्या बंदोबस्तासाठीं आलेल्या रँडसाहेबाच्या अमदानींत गोरे सोजीर पेठापेठांतून घरांत शिरूं लागले. देवघर, माजघर, बायकामाणसें कशाचाही विधिनिषेध राहिला नाहीं. २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय घडलें, तें मराठी वाचकांस सांगावयास नको. येथें एवढेंच सांगावयाचें, कीं प्लेगला आळा घालूं नये, असें कोणा जाणत्या पुढाऱ्याचें म्हणणें नव्हतें. लोकमान्य टिळक स्वतः शहर न सोडतां येथें राहिले व हिंदूंसाठीं प्लेगचें इस्पितळ काढण्यांत पुढें झाले. लोकांचा राग तपासणीवर नव्हता, तिच्या रीतीवर होता. सरकारचा हेतु रोगनिवारणाचा असला, तरी उंबरठ्यावरील उद्दामपणानें तो हेतु मातींत मिळविला.

हा धडा आजच्या विमानतळासही लागू आहे. स्त्रियांची झडती पडद्याआड स्त्री-शिपायानेंच घ्यावी, हा आपल्याकडील नियम म्हणूनच मोलाचा आहे. परंतु नियम चांगला असून भागत नाहीं. हात लावणारा माणूसही तसाच पाहिजे. प्रसिद्ध नर्तिका सुधा चंद्रन यांचा एक पाय कृत्रिम आहे. प्रत्येक विमानतळावर तो काढून दाखवावा लागतो, ही व्यथा त्यांनीं ऑक्टोबर २०२१ मध्यें जाहीरपणें मांडली, तेव्हां सुरक्षा दलानें त्यांची क्षमा मागितली. क्षमा मागणाऱ्या दलाविषयीं आदर वाटतो. पण ज्यांचें नांव प्रसिद्ध नाहीं अशा अपंग उतारूंनाही तोच मान मिळाला, म्हणजेच सुधारणा झाली असें म्हणतां येईल.

उलट, आपणही प्रतिष्ठेची खोटी कल्पना टाकून दिली पाहिजे. राष्ट्रपति, पंतप्रधान, मुख्यमंत्री आदि मोठ्या अधिकाऱ्यांस झडतींतून सूट देणारी एक यादी आपल्या देशांत आहे. त्या यादींत नांव असणें हा मोठेपणा, असें मानण्याची खोड आपल्या समाजास जडली आहे. एप्रिल २००९ मध्यें दिल्ली येथें एका अमेरिकन विमान कंपनीच्या नोकरांनीं माजी राष्ट्रपति अब्दुल कलाम यांची झडती घेतली. नियमानें ते सूट मिळण्यास पात्र होते. कलाम यांनीं निमूटपणें झडती दिली व गाजावाजा केला नाहीं. गलका झाला तो नंतर, संसदेंत. कंपनीनें क्षमा मागितली हें ठीकच झालें. परंतु ज्याचा मोठेपणा खरा, त्यास तो दारावर सांगावा लागत नाहीं, हें त्या एका माणसानें मुकाट्यानें शिकविलें.

घरच्यांसाठीं चार शब्द

प्रवासास निघणाऱ्या कुटुंबांनीं कांहीं साध्या गोष्टी पाळल्या, तर निम्मा मनस्ताप वांचेल. आपलें सामान आपणच भरावें. ‘आमच्या भाच्यासाठीं एवढा डबा न्या हो’ अशी गळ आपल्याकडे हमखास घातली जाते. डबा उघडून पाहिल्यावांचून तो कधींही घेऊं नये, आणि त्याबद्दल कोणीं रुसल्यास रुसूं द्यावें. त्या आयरिश तरुणीची कथा येथें आठवावी. अडकित्ता, कात्री, विळी हातांतल्या पिशवींत ठेवूं नये. सुकें खोबरें घरीं निरुपद्रवी वाटलें, तरी त्यांतील तेलामुळें तें आपोआप तापून पेट घेऊं शकतें. म्हणून विमानाच्या नियमांत तें धोक्याच्या पदार्थांत मोडतें. ज्यांच्या हृदयाला पेसमेकर बसविला आहे त्यांनीं डॉक्टरचें कार्ड जवळ ठेवावें, व धातुशोधक चौकटींतून जाण्यापूर्वींच तें दाखवावें.

सन २०२३ पासून पुण्याच्या विमानतळावर ‘डिजीयात्रा’ ही सोय आहे. तिच्यांत उतारूचा चेहरा यंत्र ओळखतें व दार उघडतें. ही सोय ऐच्छिक आहे. कोणासही तिची सक्ति करतां येत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. चेहऱ्यावरून माणसाची ओळख पटविणें निराळें, आणि चेहऱ्यावरून त्याचें चारित्र्य ठरविणें निराळें. पहिलें काम यंत्रानें खुशाल करावें. दुसरें काम यंत्रानेंही करूं नये आणि माणसानेंही करूं नये.

रांगेंत आपल्या पुढें कोण उभा आहे व मागें कोण, हें न पाहतां सर्वांनीं सारखेच हात पसरून उभें राहावें, यांत कोणाचाही स्वाभिमान जात नाहीं. तो जातो तो, दुसऱ्याची झडती कसून व्हावी आणि आपली मात्र होऊं नये, असें मनांत आणल्यानें.