टक्कर कुणाशी? (खेळ आणि शरीर : लेखांक ६)

हेल्मेट कवटी वाचवतं, पण आत मेंदूला बसणारा हिसका थांबवू शकत नाही, इथपर्यंत आपण मागच्या आठवड्यात आलो होतो. मग टकराच कमी करायच्या, तर अमेरिकन फुटबॉलमध्ये सामन्याच्याही आधी सरावाकडे बघावं लागतं. अमेरिकेतल्या सहा विद्यापीठ संघांवर २०१५ ते २०१९ अशी पाच वर्षं नजर ठेवणाऱ्या एका अभ्यासात मेंदूला धक्का बसण्याच्या ७२ टक्के घटना सरावात घडलेल्या निघाल्या. म्हणजे हे खेळाडू प्रतिस्पर्ध्यांपेक्षा आपल्याच सोबत्यांकडून जास्त जायबंदी होत होते.

त्या सरावातला सगळ्यात नावाजलेला प्रकार म्हणजे ‘ओक्लाहोमा ड्रिल’. ओक्लाहोमा विद्यापीठाचे प्रशिक्षक बड विल्किन्सन यांच्या नावावर तो जमा आहे. जमिनीवर दोन्ही बाजूंना गाद्या टाकून मधे अरुंद बोळ करायचा. एका टोकाला बचाव करणारा गडी, त्याच्यासमोर त्याला अडवणारा, त्याच्या पाठीशी चेंडूवाला. शिट्टी झाली की दोघं सरळ एकमेकांवर. बाजूला सरायला जागाच नाही, आणि भोवती अख्खा संघ आरडाओरडा करतोय. तालमीतल्या झोंबीसारखंच हे, फक्त इथे डाव टाकायला वाव नाही. वजन आणि ईर्ष्या तेवढी कामाची. खऱ्या सामन्यात असा बोळ क्वचितच मिळतो. त्यामुळे यातून कौशल्य किती येतं, हा प्रश्न फार आधी विचारायला हवा होता. एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगने मे २०१९ मध्ये हा प्रकार आणि त्याची भावंडं बंद केली.

कणखरपणाच्या या कल्पनेचं दैवत म्हणजे प्रशिक्षक बेअर ब्रायंट. १९५४ साली टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचा संघ त्यांनी जंक्शन या गावी नेला. कडक उन्हाळा, त्यात दुष्काळ, आणि सरावात पाणी प्यायला बंदी. बरेचसे खेळाडू पळून गेले. उरलेल्यांनी त्या हंगामात दहापैकी एक सामना जिंकला! दोन वर्षांनी संघ अपराजित राहिला, तेव्हा श्रेय मात्र जंक्शनला मिळालं. आख्यायिकेला हिशेब लागत नाही. पुढे १ ऑगस्ट २००१ रोजी एनएफएलमधल्या मिनेसोटा वायकिंग्ज संघाचा कोरी स्ट्रिंगर सराव शिबिरातल्या उष्माघाताने मरण पावला, तेव्हा पाणी, सावली, विश्रांती यांना ‘लाड’ म्हणणाऱ्यांचा आवाज जरा खाली आला.

एनएफएलशी झालेल्या २०११च्या करारात खेळाडू संघटनेने हंगामातले पूर्ण पॅड घालून होणारे सराव १४ वर आणले. प्रशिक्षकांची तक्रार अशी की, सरावात पाडायला शिकवलं नाही तर सामन्यात गडी डोकं खाली घालून घुसतो आणि मान मोडून घेतो. हा आक्षेप सरसकट झटकता येत नाही.

त्याला नेमकं उत्तर दिलं डार्टमथ कॉलेजचे प्रशिक्षक बडी टीव्हन्स यांनी. २०१० पासून त्यांनी सरावात एकमेकांना पाडणं बंद केलं, पण पाडण्याचं तंत्र मात्र गाद्यांवर, डमीवर रोज घोटून घेतलं. खांदा कुठे लागला पाहिजे, डोकं कुठल्या बाजूला, पाय कसे चालू राहिले पाहिजेत, सगळं. पुढे तिथल्याच अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी रिमोटवर पळणारी, पडली की आपोआप उभी राहणारी डमी बनवली. २०१५ मध्ये डार्टमथने आयव्ही लीग या विद्यापीठांच्या लीगचं विजेतेपद दोन संघांसह वाटून घेतलं. पुढच्याच वर्षी लीगमधल्या आठही प्रशिक्षकांनी हंगामातल्या सरावात पाडापाडी बंद करायला एकमताने होकार दिला.

पुढच्या आठवड्यात : हेल्मेटवरची मऊ टोपी, अर्थात गार्डियन कॅप.