बटन दाबलं, पण झालं काहीच नाही: सिग्नल, स्लॉट आणि हरवलेल्या फायली

हा आपल्या एपिसोडचा लिखित मजकूर. ऐकताना कोड डोळ्यासमोर नसतो, म्हणून बऱ्याच जणांनी तो लिहून मागितला होता. कोडच्या ओळी मी बोललो तशाच ठेवल्यात, टाईप करताना अर्थातच इंग्रजीत करा.

तर विषय आला तो एका व्हॉइस मेसेजवरून. जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका वजनकाट्यावर बसणारा आपला श्रोता. भंगाराच्या गाड्या येतात, सळईच्या गाड्या जातात, आणि प्रत्येक गाडी दोनदा काट्यावर चढते: एकदा भरलेली, एकदा रिकामी. ह्या पोरानं पायथॉन आणि पायक्यूटी ५ वापरून स्वतःच नोंदीचा प्रोग्राम केला. "दादा, माझ्या लॅपटॉपवर झकास चालतंय, काट्यावरच्या कॉम्प्युटरवर नेलं की रुसतंय. आणि काल एका गाडीच्या दोन पावत्या निघाल्या, शेठ म्हणतात बंद कर हे."

दोन पावत्या म्हणजे एकाच भंगाराचे दोनदा पैसे. शेठ चिडणारच.

आधी सिग्नल म्हणजे काय ते बघू. जालना स्टेशनवर घोषणा होते, "देवगिरी एक्सप्रेस येत आहे." घोषणा करणाऱ्याला माहीत नसतं कोण ऐकतंय. ज्याला त्या गाडीनं जायचंय तो उठतो, चहावाला किटली उचलतो, बाकीचे मोबाईलमध्ये. क्यूटीमधलं बटन असंच आहे. दाबलं की ते फक्त ओरडतं, "मला दाबलं!" हा सिग्नल. तो ऐकून कामाला लागणारं फंक्शन म्हणजे स्लॉट. आणि कुणी कुणाचं ऐकायचं हे ठरवते ती कनेक्टची ओळ. (क्यूटीचा उच्चार तिचे मूळ लोक 'क्यूट' असा करतात. नॉर्वेच्या ट्रोलटेक कंपनीनं ती १९९५ साली बाहेर काढली. आपण क्यूटीच म्हणू, पायक्यूट म्हणायला मलाच कसंतरी वाटतं.)

बटन गप्प असेल तर पहिला संशय ह्या कनेक्टवर घ्या. सगळ्यात जास्त दिसणारी गडबड कंसाची असते. 'कनेक्ट, कंसात सेल्फ डॉट नोंद' असं हवं. काही जण 'नोंद'पुढे आणखी एक रिकामा कंस टाकतात. त्यानं काय होतं? फंक्शनचं नाव दिलं जात नाही, फंक्शन तिथल्या तिथे चालतं आणि त्याचं उत्तर कनेक्टच्या हातात पडतं. उत्तर म्हणजे बहुतेक वेळा 'नन', काहीच नाही. पायक्यूटी निदान टाईपएरर देऊन बोंब तरी मारतं. टीकेइंटरमध्ये हेच केलं तर तो गपचूप गिळतो: प्रोग्राम उघडताच फंक्शन एकदा चालतं आणि बटन कायमचं मुकं.

आता दोन पावत्या. त्याचा कोड बघितला तर कनेक्टची ओळ 'नवीन गाडी' ह्या फंक्शनच्या आत होती. म्हणजे प्रत्येक नव्या गाडीला बटन आणि स्लॉट पुन्हा एकदा जोडले जायचे. क्यूटी जुनी जोडणी आपोआप पुसत नाही. दोनदा जोडलं तर स्लॉट दोनदा चालतो, पाचदा जोडलं तर पाचदा. सकाळची पहिली गाडी नीट, दुसरीला दोन पावत्या, तिसरीला तीन! शेठला दोनच दिसल्या, कारण पोरगा मधेमधे प्रोग्राम बंद करून उघडत होता. उपाय एका ओळीचा: कनेक्ट खिडकी तयार होताना, म्हणजे इनिटमध्ये, एकदाच करा. तरी पैशाचा मामला आहे, तेव्हा डेटाबेसमध्येही पावती क्रमांक युनिक ठेवून तोच क्रमांक दुसऱ्यांदा घेऊ देऊ नका. एका कुलपावर विसंबू नये असं माझं मत.

दुसरी तक्रार होती, "खिडकी पांढरी पडते, नॉट रिस्पॉन्डिंग येतं." काट्याचा इंडिकेटर सीरियल केबलवरून सतत आकडे पाठवतो. पोरानं एका बटनाच्या स्लॉटमध्ये 'व्हाईल ट्रू' लावून ते वाचायला घेतले. क्यूटीची खिडकी एकाच धाग्यावर चालते: क्लिक बघणं, खिडकी रंगवणं, स्लॉट चालवणं, सगळं एकच माणूस करतो. त्याला तुम्ही काट्याकडे बघत उभं केलं, की दुकान बंद. म्हणून वाचनाचं काम वेगळ्या क्यूथ्रेडमध्ये टाका. पण त्या धाग्यातून लेबलला हात लावायचा नाही, कधी चालेल, कधी प्रोग्राम धाडकन पडेल. धाग्यानं 'वजन आलं' असा आपला सिग्नल सोडायचा, आणि खिडकीच्या स्लॉटनं लेबल बदलायचं. ऐकणारा दुसऱ्या धाग्यात असला तर क्यूटी निरोप रांगेत ठेवते आणि खिडकीला सवड झाली की देते.

इथे एक बारीक पण महागडी गोष्ट आहे. सीरियलवरून ओळ अर्धवट येऊ शकते. काट्यावर १२४५० किलो आणि तुमच्या हातात '१२४', किंवा मधूनच वाचायला लागलात तर '४५०'. वाचायला टाईमआऊट लावला असेल तर रीडलाईनसुद्धा अर्धी ओळ परत देते. ओळीच्या शेवटी नवीन ओळीचं चिन्ह आलंय का ते तपासा. नसेल तर तुकडा बाजूला ठेवून पुढच्याला जोडा, आणि सुरू केल्यावरची पहिली ओळ टाकून द्या.

आता 'लॅपटॉपवर चालतं, तिथे नाही'. इथे सिग्नलचा दोष नसतो, काहीतरी सामान घरीच राहिलेलं असतं. पहिला अडथळा होता 'नो मॉड्यूल नेम्ड सीरियल'. साहजिकच माणूस पिपला सांगतो, सीरियल बसव. बसतं, आणि तरी चालत नाही, कारण त्या नावाचं पॅकेज वेगळंच आहे! इम्पोर्टचं नाव सीरियल, पण बसवायचं पॅकेज पायसीरियल. चुकीचं आधी काढून टाका, मगच बरोबर बसवा.

दुसरा अडथळा क्यूटीचा प्लॅटफॉर्म प्लगिन. ही एरर नीट वाचा, तिच्यात दोन वेगळे निरोप असतात. 'कुड नॉट फाईंड' म्हणजे फाईल सापडलीच नाही. विंडोजवर 'प्लॅटफॉर्म्स' फोल्डरमधली क्यूविंडोज डॉट डीएलएल बघा. 'कुड नॉट लोड, जरी सापडली तरी' म्हणजे फाईल आहे, पण ती ज्या दुसऱ्या फायलीवर टेकलीय ती नाही. उबुंटूवर क्यूटी ६.५ पासून लिबएक्ससीबी-कर्सर० नसलं की हेच होतं. कोण हरवलंय ते कळत नसेल, तर 'क्यूटी अंडरस्कोर डीबग अंडरस्कोर प्लगिन्स' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करून प्रोग्राम चालवा, ती कुठे कुठे शोधते ते सगळं सांगते. आणि काट्यावर विंडोज ७ असेल तर पायक्यूटी ६ च्या नादी लागू नका, क्यूटी ६ तिथे चालत नाही.

ह्या सगळ्यासाठी एक सवय लागते: प्रोग्राम आयकॉनवरून नको, कमांड प्रॉम्प्टमधून चालवायचा. स्लॉटमध्ये एरर आली आणि ती कुणी पकडली नाही, तर पायक्यूटी ५.५ पासून अख्खा प्रोग्रामच बंद पडतो. आयकॉनवरून उघडला असेल तर खिडकी नुसती गायब होते आणि तुम्ही म्हणता, "काहून बंद झालं कोण जाणे." प्रॉम्प्टमध्ये ओळ क्रमांकासकट कारण लिहिलेलं असतं.

मोठा प्रोग्राम कसा रचतात हे बघायचं असेल, तर आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ऑसडॅग उघडा. आयएस ८००:२००७ प्रमाणे पोलादी जोडांचं डिझाईन करतं, पायथॉन आणि पायक्यूटीत लिहिलंय, आणि कोड सगळ्यांना खुला आहे. पोलादाच्या गावातल्या पोरांनी ते चाळायला हरकत नाही.

तुमचा प्रश्न पाठवताना स्क्रीनचा तिरका फोटो नको. एररचा अख्खा मजकूर कॉपी करा, शेवटची ओळ नक्की असू द्या, सोबत विंडोज की लिनक्स आणि पायथॉनची आवृत्ती लिहा. पुढच्या भागात प्रिंटर घेऊ. पावती मराठीत छापताना जोडाक्षरं काहून फुटतात, असं परतूरहून एकीनं विचारलंय.