दुकानदारास माल नाकारतां येतो काय ?

पेरणीच्या दिवसांत दुकानांत युरियाच्या गोणी रचलेल्या दिसत असतां, "आधीं ही औषधाची बाटली घ्या, मग गोण मिळेल" असें उत्तर पुष्कळ शेतकऱ्यांस मिळतें. हरकत घेतल्यास, "दुकान माझें आहे, कोणास विकावें तें मी ठरवीन" हें ठरलेलें वाक्य ऐकावें लागतें. तें कितपत खरें आहे, याचा येथें विचार करूं.

१८७२ च्या करार कायद्याप्रमाणें करार उभयतांच्या संमतीनें होतो. माल मांडणें म्हणजे तो विकण्याचें वचन देणें नव्हे. म्हणून उधारी नाकारणें किंवा शिवीगाळ करणारास बाहेर काढणें यास कायदा आड येत नाहीं. एवढ्यापुरतें दुकानदाराचें म्हणणें बरोबर आहे.

परंतु एक जिन्नस हवा असल्यास दुसरा घेतलाच पाहिजे, ही अट २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें गैर ठरविली आहे. भाव चढावा म्हणून असलेला माल न विकणें हेंही त्याच सदरांत येतें. शिवाय खतविक्रेत्यानें साठा व दर यांचा फलक लावणें आणि पावती देणें १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाप्रमाणें आवश्यक आहे. तेव्हां फलकावरील साठा, तारीख व वेळ टिपून कृषि खात्याच्या निरीक्षकाकडे लेखी अर्ज करावा व त्याची पोंच घ्यावी. तोंडी तक्रारीचें काय होतें, हें ज्यानें दप्तरांत जन्म घालविला त्यास विचारावें !

औषधविक्रेत्याची गोष्ट आणखी कडक आहे. जवळ असलेलें औषध त्यानें गिऱ्हाइकास नाकारूं नये, असें २०१३ चा औषध किंमत आदेश सांगतो. मात्र चिठ्ठीवांचून न द्यावयाचें औषध त्यानें नाकारलेंच पाहिजे. डॉक्टरास एरवीं रोगी निवडण्याची मोकळीक आहे. पण सर्पदंशासारख्या प्राणसंकटांत, दवाखाना सरकारी असो वा खासगी, जीव वांचविण्याचा यत्न करणें त्यास भाग आहे. सर्वोच्च न्यायालयानें हें १९८९ सालीं स्पष्ट केलें. अमुक आरोपीचें वकीलपत्र कोणींच घेऊं नये, असे वकील संघांचे ठरावही त्याच न्यायालयानें २०१० सालीं रद्दबातल ठरविले.

आतां आपणां जमीनधारकांस जवळची बाब. आपल्यांपैकीं कित्येकांच्या पिठाच्या गिरण्या आहेत, ट्रॅक्टर भाड्यानें चालतात. तेथें आपणच दुकानदार आहोंत. अस्पृश्यता मानून कोणास माल वा सेवा नाकारल्यास १९५५ च्या कायद्यानें एक ते सहा महिने कैद व दंड आहे. दुकान, उपाहारगृह व सार्वजनिक विहीर यांबाबत धर्म किंवा जात पाहून मज्जाव करूं नये, हें संविधानाच्या पंधराव्या कलमांतच आहे. "गिरणी बिघडली आहे" असें एकासच सांगणें हाही नकारच होय. गांवांत तो कोणास कळत नाहीं असें नाहीं.

भावकी किंवा जातपंचायत ठराव करून एखाद्या घरचें दळण, न्हावी, किराणा बंद पाडते, त्यासाठीं महाराष्ट्रानें २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला. तो जुलै २०१७ पासून लागू आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बहिष्कृतास किंवा त्याच्या घरच्या माणसास पोलिसांकडे अथवा थेट मॅजिस्ट्रेटापुढें फिर्याद देतां येते.